डावा कान, जरा खाली

जेल रोडवर चष्म्याचं दुकान आहे आमचं, वडिलांपासून.
गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत
वडील नावानं हाक मारायचे,
बायकोच्या गुडघ्यांची, मुलाच्या पीएमटीची चौकशी करायचे,
आणि मग नंबर विचारायचे.

मला नंबर आठवतात.
नाकं आठवतात: पसरट, घसरगुंडीची,
पॅड रुतून दोन खळ्या पडलेली.
कोणाचा कुठला कान किती सुतानं खाली,
सगळं.
नाव मात्र जिभेच्या टोकाशी येतं
आणि चहाबरोबर परत गिळलं जातं.

“काय भिया, ओळखलं नाही?”
“असं कसं!” म्हणायचं, आणि पावतीपुस्तक पुढे सरकवायचं:
“तुम्हीच लिहा ना, माझं अक्षर वाईट.”
एकोणीस वर्षं चाललं हे.
मग एक जण नावाच्या रकान्यात
‘तोच’
एवढंच लिहून गेला.

त्या रात्री भाचीनं युक्ती शिकवली.
नावाचं चित्र कर, मामा,
आणि चेहऱ्यावर पहिलं लक्ष जाईल तिथं अडकव.
मी म्हटलं, चेहऱ्यावर अडकवणं हाच तर धंदा.
मुळ्यांच्या भुवईत मुळा खोवला,
तांब्यांच्या टकलावर तांब्या उपडा घातला.
घारपुऱ्यांच्या कपाळावर घार बसवली,
ती आठवड्याभरात उडून
कोणा जैनसाहेबांच्या डोक्यावर जाऊन बसली.

परवा एक बाई आल्या, सत्तरीच्या पुढच्या,
रामबागेतून, रिक्षा थांबवून.
रुमालाची गाठ सोडली. पुरुषी चष्मा.
“यांचा आहे. फ्रेम चांगली आहे.
माझ्या नंबरच्या काचा घाला.”

मी काडी पाहिली.
डावी, टोकाशी जास्त वाकवलेली.
हात माझाच.
आणि लगेच चेहरा समोर:
डावा कान जरा खाली, नाकाच्या शेंड्यावर तीळ,
तिळावर मी ठेवलेलं कमळ.
कमळ अगदी टवटवीत.
पण नाव? कमलाकर? अरविंद?
राजीव त्या वयाचे नसतात. पंकज तर नाहीच.
एका फुलाला किती नावं असावीत,
आणि माणसाला एकच.

“जुन्या रजिस्टरात बघतो. नाव काय त्यांचं?”
बाई गप्प.
दुकानात एक मुलगा गॉगल लावून
आरशापुढे मान वळवत होता.
त्यांनी पदर सारखा केला, खाकरल्या,
आणि काउंटरच्या काचेकडे बघत म्हणाल्या:

“माळव्याच्या गव्हात मागते ज्वारीची भाकर,
हसून आणतात पीठ, नाव त्यांचं पद्माकर.”

मुलगा मान वळवायचा थांबला.
बाईंचं त्यांनाच हसू आलं.
“लग्नातला आहे. जावेनं रचून दिलेला.
पंचावन्न वर्षं झाली,
त्याशिवाय तोंडातून येतच नाही नाव.”

‘आणतात’ म्हणाल्या त्या.
मी मनात ‘आणायचे’ घालून पाहिलं.
ओळ लंगडली.

म्हणजे युक्ती जुनीच.
भाकर, पीठ, आणि त्यांना टेकून नाव.
आणि यांची घार कधी उडाली नाही.

मी पाकिटावर लिहिलं, पद्माकर.
“छे,” त्या म्हणाल्या, “डोळे माझे आहेत.
द्वारका लिहा.”
द्वारका. दार लगेच दिसलं,
ते त्यांच्या चेहऱ्यावर कुठे लावावं
सुचेना.

नंबर काढला. कान मोजले.
त्यांचे दोन्ही एका रेषेत.
काडी सरळ करायला वाळू तापत ठेवली,
तर काउंटरवर बोट वाजलं.
“डावी राहू दे तशीच.”
“टोचेल, काकू.”
“टोचली तर येईन परत.
तेव्हा कोण म्हणून विचारू नका.”